पायांना मुंग्या आल्या त्याची हकीकत

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (कागदावर घालायला सोपा जातो. खरा घातला, त्याचीच ही हकीकत.) तुमची पाठ कशी आहे? मामींचा माझ्यावरचा राग उतरला का? इकडे सगळे खुशाल. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे तेही खुशालच.

मी कॉलेज एका मुलीपायी सोडलं, असं आईने कळवलं असेल. साफ खोटं. मुलीपायी मी जपानीच्या वर्गात नाव घातलं होतं. सोडलं ते मुंग्यांपायी. वर्गाबाहेर पादत्राणं काढून, टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवायची, अशी तिकडची रीत. आमच्यात एक 'इस्त्री' आहे. (बापाने नाव वेगळं ठेवलंय, पण शर्टाला सुरकुती म्हणून नाही.) तो रोज ओणवा होऊन त्या मुलीच्या चपला वळवून ठेवायचा, आणि ती हसून त्याला कमरेत वाकून दाखवायची! आठवडाभर सोसलं. मग त्याचे बूट खिडकीतून भिरकावले. एक कुंडीत पडला, दुसरा प्राचार्यांच्या पुढ्यात. जपानीचे सर (तुमचे वर्गमित्र, पण दया नाही) म्हणाले, "शनिवारी चहाच्या समारंभात सगळ्यांसमोर त्याची माफी माग, नाहीतर वर्गात पाऊल टाकू नकोस." मी म्हटलं, मान कापून देईन, वाकवणार नाही.

तो चहा म्हणजे, मामा, वाडगाभर कडू हिरवं पाणी, आणि त्यासाठी पाऊण तास टाचांवर बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. समोर ती, शेजारी इस्त्री. शेवटी सरांनी माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीला चार शब्द सुनवायला मी ताडकन उठलो, तर कमरेखाली कोणी नव्हतंच! थेट त्याच्या पुढ्यात पालथा, कपाळ चटईवर, आणि पायांना अशा मुंग्या की उठता येईना. सरांच्या डोळ्यांत पाणी. "तीस वर्षांत इतकी मनापासूनची माफी पाहिली नाही," म्हणाले. इस्त्रीने वाकून मला क्षमा केली. (त्याने! मला!) तीसुद्धा टक लावून बघत होती. तेव्हा गप्प पडून राहिलो असतो तर वर्ग टिकला असता. पण डोकं फिरलं. पडल्यापडल्या ओरडलो, "माफी कसली! मुंग्या आल्यात!" आणि बाणेदारपणे, रांगत, कॉलेज सोडलं.

पश्चात्ताप अजिबात नाही.

आपला,
भाचा

ता. क. सरांना सहज विचाराल का, सोमवारी आलो तर चालेल? माफीसुद्धा मागेन. ती मैत्रिणीला म्हणाली म्हणे, "पालथा पडला होता तेवढा वेळ बरा वाटला."

आणखी ता. क. सध्या रोज सकाळी स्वयंपाकघरात तासभर टाचांवर बसतो. पाय बधिर झाल्याशिवाय माझी मान वाकत नाही.