साठ खुर्च्या कमी

आयझिरेक,

व्हॅन घेऊन खुर्च्या आणायला चाललोय. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांच्या संमेलनाला दोनशे माणसं येणार आणि हॉलवाल्यानं साठ खुर्च्या कमी दिल्या, हे काल तू फोनवर बोलताना कानावर पडलं. मला सांगितलं नाहीस. बरोबरच आहे. "फुकट राबतं ते येडं," असं तुमच्या या बिनपगारी कामाबद्दल मीच जेवताना बोललो आणि तू ताटावरून उठलीस.

मग तुझी आई म्हणाली, "ज्या भिंतीला टेकून बोलताय, ती कुणी बांधली?" आपलं घर आशारवर उभं राहिलंय, पोरी. चाळीस शेजारी चिखल तुडवायला आले, एकानंही पैसा घेतला नाही. मी सपशेल विसरलो होतो.

शेजारचा साबिरबेक वीस देतोय, बाकीच्या लग्नघरासारख्या दारोदार मागतो. एकीसारखी दुसरी नसणार, हसू नकोस. आईनं बोरसोक तळलेत, खाऊन नीघ.

टेबलावरचा एक कोरा बिल्ला घेतलाय, कार्यकर्ता म्हणून त्यावर माझं नाव घातलंय. नऊला हॉलच्या दारात असेन. मी नको असेन तर बिल्ला काढून घे, खुर्च्या मात्र ठेव.

बाबा