चिंचेनं घासलेली देवी

११ ऑगस्ट, शारजा
समोरची नादिया सुट्टीला कैरोला गेली. मागे तिच्या घराला रंग लागणार, म्हणून तिची इसिस माझ्याकडे. वीतभर ब्राँझची इजिप्तची देवी, मांडीवर बाळाला पाजायला घेतलेली. हजारो वर्षांची म्हणे, पणजोबांपासून घरात. अंगभर हिरवट-काळी, फक्त डावा गुडघा चकचकीत. नादियाची आई रोज तिथं अंगठा फिरवायची. आता नादिया फिरवते. "ममा इज हिअर," म्हणाली. लेकीच्या, इराच्या वेळी माझ्या बाळंतपणात नादिया नसती तर मला वेडच लागलं असतं. मूर्ती शोकेसमध्ये जपून ठेवलीय.

२० ऑगस्ट
सा.बाई आल्या गुहागरहून. निम्मी बॅग आमसुलं आणि चिंच. इथं रोल्लाच्या बाजारात सगळं मिळतं हो! पण ऐकतील तर शपथ.

२३ ऑगस्ट
मेले मी. ऑफिसातून आले तर इसिस देव्हाऱ्यात! लखलखीत, हळदकुंकू लावून. गणपती तोंडावर आले म्हणून सा.बाईंनी सगळे देव चिंचेनं घासले, हिलाही.
"लेकराला पाजणारी बाई, सणासुदीला काळवंडलेली ठेवायची? शोभतं का?"
इरा : "आजी, दॅट्स नॉट अवर गॉड!"
"गप गं. आई आहे ना ती?"
गुडघा शोधला. सगळीकडे सारखीच चकाकी. बाथरूममध्ये जाऊन रडले.

२४ ऑगस्ट
हे म्हणतात, "बूट पॉलिश लाव, खलास." यांचं डोकं!

२८ ऑगस्ट
नादिया आली. मीच नेऊन दिली, खरं ते सांगितलं. तिनं डाव्या गुडघ्यावर अंगठा फिरवला. मग उजव्या. मग परत डाव्या. "शुक्रन," म्हणाली आणि दार लावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३१ ऑगस्ट
नादियाचं दार बंदच. सा.बाईंना सगळं सांगावं लागलं. जेवल्या नाहीत. "माझ्या आईचं असं कुणी घासून टाकलं असतं तर मी..."
संध्याकाळी पदर सारखा केला आणि निघाल्या समोर. मीही उठले.
"तू नको. चूक माझी."
"अहो, पण बोलणार कशा?"
"बघते मी."
दार उघडलं, लागलं. बराच वेळ झाला. सा.बाईंना नुसती मराठी येते, तिला अरबी नि इंग्रजी. मी आमच्या दाराशी उभी आहे. आत एक रडतेय, दुसरी समजावतेय. कोण कुणाला, इथून कळत नाही.