विश्रांतवाडीत ठेवलेलं प्रस्थान

सोमवार, २७ मे २०२४, सकाळी १० वाजून १० मिनिटे

शनिवार पेठेतल्या ऑफिसात स्वतःच्या टेबलावरची धूळ पुसत होतो, तेव्हाच ठरवलं की आजपासून रोज लिहायचं. दारव्ह्याहून येऊन दोनच दिवस झाले आणि नोकरी लागलीसुद्धा! बारावी अर्धवट राहिली, पण मालक श्यामसुंदर आगाशे यांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, एकही वेलांटी चुकलेली नाही, असा माणूस पुण्यातही मिळत नाही आता.

काम मजेचं आहे. ज्यांना टूरच्या झेंड्यामागे फिरायचं नाही, त्यांना आम्ही प्रवास आखून देतो. कुठली रेल्वे, कुठली बोट, जंगलात खायला काय न्यायचं. विश्रांतवाडीची खोलीही मालकांनीच पाहून दिली. माझ्या आधीचा कामगार तिथेच राहायचा. न सांगता निघून गेला म्हणे.

गुरुवार, ३० मे

पहिलं गिऱ्हाईक सर्जेराव निम्हण, निवृत्त, एकटे. त्यांना नॉर्वेच्या उत्तरेला जायचंय, जिथे माणूस दिसणार नाही अशा जागी. मी सगळं बारकाईने आखलं. ऑस्लोहून उत्तरेकडे दोन दिवस रेल्वे, बोडो बंदरात मुक्काम, मग बोट, मग एक लहान बेट. बेटावर एक लाकडी खोपट आहे, दुकान नाही. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही.

परतीचं लिहायला घेतलं तर मालकांनी थांबवलं. इथली रीत अशी की आमच्या फीचे निम्मे पैसे आगाऊ, त्यात फक्त जाणं. उरलेले निम्मे आले की परतीचं आरक्षण. ते मालकच करतात, पासवर्ड कोणाला देत नाहीत. "अहो महिपती, पुणेकर घरी पोचल्यावर पैसे देईल का?" निम्हणांचे १२,००० येणे आहेत.

रविवार, २ जून

निम्हणांचं विमान गुरुवारचं, पण मुहूर्त आजचा निघाला. म्हणून त्यांनी प्रस्थान ठेवलं. आमचे आजोबाही ठेवायचे. प्रवाशाची एक वस्तू, सुपारी आणि तांदूळ बांधून प्रवासाच्या दिशेच्या घरी ठेवायचे, की प्रवास त्या घडीला सुरू झाला. निघताना गाठोडं उचलून न्यायचं.

मालक म्हणाले, नॉर्वे उत्तरेला, विश्रांतवाडीही उत्तरेला, तुमच्याकडेच ठेवा. "आणि रिक्षा नको. बसने न्या." गाठोड्यात निम्हणांची लोकरीची टोपी आहे. कपाटावर ठेवलं.

सोमवार, ३ जून

सकाळपासून खोली हलते आहे. तांब्यातलं पाणी थरथरतं आणि रुळांवरचा खडखडाट ऐकू येतो. इथून रूळ लांब आहेत. घरमालकीण चंद्रभागाबाई वर येऊन ओरडल्या, गिरणी टाकलीय का खोलीत? संध्याकाळी परतलो तरी तोच आवाज.

मंगळवार, ४ जून

बाहेर लोक घामाने भिजलेत. माझ्या तोंडातून वाफ निघते आहे. कान दुखायला लागले तेव्हा गाठोडं सोडलं आणि टोपी घातली. लगेच बरं वाटलं.

मग लक्षात आलं. दोन दिवस रेल्वे. मीच आखलं आहे.

बुधवार, ५ जून

चंद्रभागाबाईंनी टोपी पाहिली आणि पायरीवरच थांबल्या. प्रस्थानातलं अंगावर घातलंस? घरच्यांनी एवढंही शिकवलं नाही का तुला? ज्याने घातलं, त्याचा प्रवास.

गाठोडं घेऊन निम्हणांकडे गेलो. त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच टोपी उलटी करायला सांगितली. आत माझ्या तेलाचा डाग होता. म्हणाले, विमान रद्द केलंय. रविवारपासून माझ्या कानात रूळ वाजत होते, काल दुपारी थांबले. "आपण सुखरूप जा."

येताना टोपी मंडईत कांद्याच्या ढिगावर टाकली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, एवढ्या उकाड्यात टोपी? डोक्यावर होती.

गुरुवार, ६ जून

जमीन आता हलत नाही, डुलते. फरशीवर पाणी आहे. चाखलं, खारट. चंद्रभागाबाई म्हणतात जिन्यात मासळीचा वास येतो, माळकरी घर आहे, चालता हो.

मालकांना म्हटलं, परतीचं माझ्या नावाने करा. त्यांना नवल वाटलं नाही. आधी बारा हजार. म्हटलं, पगारातून कापा. "पगार महिना भरल्यावर. महिनाभर आहात का इथे?"

मग चष्मा पुसत म्हणाले, आधीचा पण उधारीच मागत होता.

शुक्रवार, ७ जून

गावी निघून जावं म्हणून एसटी स्टँडवर बसलो. बाकडंही डुलतं. शेजारचा माणूस उठून गेला, म्हणाला अंगाला वास येतोय —

बहिणीने पैसे पाठवले. नंतर फोन विकला. दुकानदाराने आतून पाणी काढून दाखवलं आणि भाव पाडला.

शनिवार, ८ जून

मालकांनी नोटा मोजल्या. दोनदा. म्हणाले, कमी आहेत. परत मोजा म्हटलं. कमीच.

फाटकावर पाटी लागली आहे, खोली भाड्याने देणे. मी आत असताना —

रात्र झाली नाही. घड्याळ पुढे गेलं, खिडकीतलं ऊन तसंच. डुलणं थांबलं. म्हणजे बोट लागली. खिडकीत आळंदी रस्ता नाही. खडक. गवत. पुढे पाणी —

रविवार असावा

भिंती लाकडाच्या. दार उघडत नाही मी. बोट अजून उभी आहे, भोंगा एकदा वाजला —

हिशेब

खर्च: बस ६०. चहा ३०.
आगाशेंकडे भरले: बहिणीचे ४,०००. फोनचे ५,८००. एकूण ९,८००.
देणे: २,२००.

ज्याला ही वही खोलीत सापडेल त्याने आगाशेंकडे भरावेत. बोट आठवड्यातून एकदाच. नाव महिपती दादाराव गावंडे, हि ऱ्हस्व, ती दीर्घ, तिकिटावर चुकू नये. दुसरा भोंगा. दोन हजार दोनशे फक्त, परतीचे —