सळ्यांच्या ब्रेकवर निघण्यापूर्वी

काल दुपारी जेवताना वडील म्हणाले, "तुझ्या गाडीचं इंजिन हॉटेलवाले काढून ठेवणार आहेत, त्यांच्या फरशीला वजन पेलत नाही," आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. त्या क्षणी या घरातले माझे सगळे बदलले. त्यांनी पेला खाली ठेवला तेव्हा मी पानावरून उठलेलो होतो.

सबब मी, या घरातला धाकटा मुलगा, वय वर्षे तेवीस, शिक्षण तिसऱ्या वर्षात सोडलेले, धंदा जुन्या गाड्या उभ्या करणे, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. घरात याबद्दल दोन मते आहेत, हे माझे. मी नशेत नाही, मला कोणी भरीस घातलेले नाही. डिवचले मात्र आहे. काल पानावरून उठताना मी म्हणालो, उद्या गाडी घेऊन घाट उतरतो. "सळ्यांच्या ब्रेकवर घाट उतरणार? मग आधी मृत्युपत्र लिहून ठेव, मागे आम्हाला निस्तरायला नको," असे वडील म्हणाले. त्यांनी टोमणा मारला, मी कागद आणला. मरायची मला अजिबात हौस नाही. आज संध्याकाळी मला एका दारात जिवंत पोचायचे आहे. पण माझा एकही शब्द आजवर या घरात कोणी खरा धरलेला नाही. हा धरावा लागेल, कारण खाली साक्षीदार असतील.

१. गाडी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काळी, चार दारांची सेडान, मागची दारे उलटी उघडणारी, ब्रेक तेलावर नव्हे तर लोखंडी सळ्यांच्या ओढीवर चालणारे. ही मामांची. मामांनी ती भंगारातून आणली तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरांचा संसार होता आणि पत्र्याखालचा लाकडी सांगाडा हाताने कुस्करला जात होता. जाण्यापूर्वी मामांनी ती रीतसर माझ्या नावावर केली. शेड वडिलांची आहे हे मान्य. पण गाय ज्याच्या अंगणात बांधली त्याची होत नाही. वडिलांनी मला न विचारता एका हॉटेलवाल्याला शब्द दिला की गाडी त्याच्या दर्शनी दालनात, कुंड्यांच्या मधोमध, शोभेला उभी राहील. आज दुपारी त्याची माणसे येणार आहेत. मामांबद्दल वडील नेहमी म्हणत, "तुझ्या मामाने जन्म गाडीखाली झोपून काढला. वर बसून किती फिरला?" नाही फिरले. म्हणून तर ती मी फिरवणार आहे.

माझे बरेवाईट झाल्यास ही गाडी काचवाल्याच्या मुलीला द्यावी.

२. ती कोण, असे आई विचारेल, म्हणून खुलासा. चौकापलीकडच्या काचवाल्याची मुलगी. गाडीची पुढची काच दोन सपाट तुकड्यांची आहे. तशी आता मिळत नाही, कापून घ्यावी लागते. तिचे वडील म्हणाले, जमणार नाही. ती म्हणाली, "माप द्या, बघते." तिने पुठ्ठ्याचा साचा गाडीवर लावला, काढला, पुन्हा लावला, आणि मला म्हणाली, "तुमची चौकट वाकडी आहे, माझी काच नाही." चौकट खरोखर वाकडी होती. त्या दिवसापासून मी कामाचा राहिलो नाही.

नंतर तिला घाटाखालच्या शहरात काचेच्या कारखान्यात नोकरी लागली. ती जाताना मी लग्नाबिग्नाचे, नको ते सगळे बोललो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "गाडी चालती कर आणि तिच्यातून ये. ढकलत आणलीस तर दार उघडणार नाही." मी हसलो. ती हसली नव्हती, हे मला फार उशिरा कळले. परवा तिचा फोन आला. घरच्यांनी एक कारकून पाहिला आहे, स्वभावाने शांत, घर स्वतःचे. "उद्या रात्री मी त्याला हो म्हणणार आहे. तुझी गाडी अजून जॅकवरच असेल ना?" असे विचारून तिने फोन ठेवला. तो 'उद्या' म्हणजे काल; तो लांबवून मी आज करून घेतला आहे. कसा, ते तिच्या वडिलांना विचारू नये.

तिचाही मला राग आहे. हेही लिहून ठेवतो. माणसाला वर्षभर गाडीखाली घालायचे आणि वर कारकुनाचा स्वभाव सांगायचा.

३. दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, तेलाचा उरलेला डबा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दाजींचे नव्या गाड्यांचे दुकान आहे. जुन्या इंजिनात तळाशी काळा गाळ बसलेला असतो. तो तिथे असतो तोवर कोणाचे काही बिघडत नाही. मी बाहेर गेलो असताना दाजींनी मला खूश करायला, मला न विचारता, दुकानातले सगळ्यात महागडे तेल माझ्या गाडीत ओतले. ते तेल आतून धुऊन काढणारे. त्याने पिढ्यांचा गाळ सोडवला, गाळाने तेलाच्या वाटा बुजवल्या, आणि गाडी फाटकापर्यंत जायच्या आत मऊ धातूची बेअरिंगे वितळली. दाजी काय म्हणाले? "एवढं भारी तेल तिला झेपलं नाही, त्याला मी काय करू?" नवी बेअरिंगे ओतून, एकेक हाताने खरवडून बसवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. दाजी मनाने चांगले आहेत. अशा चांगुलपणापासून गाडीला कुलपात ठेवावे.

४. ताईला माझी कॉलेजची सगळी पुस्तके. भाचा मोठा झाला की वाचेल. यंत्रशास्त्राच्या सरांनी वर्गात मला विचारले होते, "असल्या गाड्या शिकून उपयोग काय?" मी म्हणालो, "सर, ती अजून चालते. तुम्ही शिकवता ते यंत्र मी अजून फळ्याबाहेर पाहिलं नाही." मग मला बाहेर काढले. परत आत गेलो नाही, हा माझा निर्णय; त्याला वडील 'पळून आला' म्हणतात.

५. आईला बँकेत आहे ते सगळे. तिने ते वडिलांना दाखवू नये. आईवर माझा राग नाही. थोडा आहे: काल ती गप्प बसली. तिच्याच भावाची गाडी होती.

६. खरवडण्या, इंची पाने आणि ग्रीसची पिचकारी डेंटरकाकांना, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून सरळ करून देणाऱ्या काकांना. *(खोडले. कारण खाली.)*

७. वडिलांना काही नाही. ही नजरचूक नाही.

साक्षीदारांविषयी. वकिलाच्या कचेरीतल्या टायपिस्टने मला बजावले आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये. केली तर त्याचे मिळणे रद्द. मी डेंटरकाकांना बोलावले. त्यांनी वाचले, म्हणाले, "माझं कलम खोड, मग सही करतो. तुझी हत्यारं घेऊन काय करू? निम्मी माझ्याकडूनच नेलेली आहेत." खोडले. दुसरा साक्षीदार मिळेना. ज्यांच्यावर माझा विश्वास, ते सगळे वर कुठल्या ना कुठल्या कलमात अडकलेले.

हे लिहीत असताना वडील शेडमध्ये आले. पुढचे जसे झाले तसे लिहितो, काकांसमक्ष.

"लिहिलंस?"

"तुम्हीच सांगितलंत."

त्यांनी उभ्यानेच सगळे वाचले. सातव्या कलमावर थांबले. पहिल्यावर परत गेले.

"गाडी त्या मुलीला. आणि मरणार कुठे? याच गाडीत. मग तिला काय देणार, हँडल? अरे, तू आणि गाडी एकाच दरीत असाल!"

काका हसले. मी हसलो नाही. म्हणालो, "म्हणून तर तुम्ही इंजिन काढायला निघालात. हॉटेलात बरी उभी राहील."

"राहिली असती. आणि तूही घरी राहिला असतास."

मी म्हणालो, हे माझ्या तोंडावर सांगायला तुम्हाला हॉटेलवाला कशाला लागतो? ते म्हणाले, तुझ्या तोंडावर कोण काय सांगणार, तू ऐकतोस कुणाचं! मी ओरडलो, तेही ओरडले. काकांनी उगाच पत्र्यावर दोन ठोके मारले, आम्ही थांबावे म्हणून. मग वडील वाकले, चाकाकडे बघितले आणि विचारले, "सळ्या कशा ओढल्यास? जॅकवर ठेवून की चाकं खाली असताना?"

हा प्रश्न त्यांना सुचला कसा? या गाडीचे ब्रेक जॅकवर जुळवले की सगळे बरोबर वाटते. मग गाडी खाली उतरते, वजनाने स्प्रिंगा दबतात, सळ्यांचा ताण बदलतो आणि उतारावर एकच चाक धरते. हे पुस्तकात नाही. मामा गाडीखालून सांगत, आणि वर कोणीतरी मुकाट बॅटरीचा उजेड धरून बसायचे. आजवर माझी समजूत होती की ती आई असायची.

"खाली असताना," मी म्हणालो. "आत माणसाएवढं वजन ठेवून."

"दोन माणसांचं ठेवायचं. येताना दोघं असाल ना?"

मी पाना उचलला. आम्ही तिघांनी सळ्या पुन्हा जुळवल्या. वडील मागच्या सीटवर बसले, वजन म्हणून. उतरल्यावर हात पुसून म्हणाले, "आण तो कागद. माझ्या नावावर काही नाही, म्हणजे माझी साक्ष चालेल."

हॉटेलवाल्याला काय सांगणार, हे ते बोलले नाहीत. शब्द मोडणार म्हणालेले नाहीत. माफीही नाही. मीही मागितलेली नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांदेखत वाचला आणि सही केली. त्यांनी माझ्यादेखत केली.

ठिकाण: शेड, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून.
तारीख: हॉटेलची माणसे दुपारी येणार आहेत तो दिवस, सकाळ.

लिहून ठेवणारा: धाकटा
साक्षीदार पहिला: डेंटरकाका
साक्षीदार दुसरा: लिहून ठेवणाऱ्याचे वडील

सहीखालच्या मजकुराला कायद्यात किंमत नाही असे टायपिस्ट म्हणाला, म्हणून हे इथे लिहितो. वडिलांनी साक्ष केली आहे. आता मला वाटले तरी या कागदात त्यांना काही देता येणार नाही. दिले तर त्यांच्याच सहीने रद्द होईल. सही करताना त्यांना हे माहीत होते. मी त्यांना आधीच सांगितले होते.

राग मी कुणाच्याही नावावर केलेला नाही. तो बरोबर नेतो आहे. इंजिन चालू आहे, गाडी फाटकाबाहेर काढली आहे. हा कागद कपाटात ठेवतो आणि शेडचे दार बाहेरून ओढून घेतो.