कोपऱ्यातला खड्डा

८ जानेवारी १९८४, रविवार
पांढुर्ण्यात फुटबॉलमध्ये ०–३! तिथे आम्ही आजवर एकदाही जिंकलो नाही. आणि सौंसरला, आमच्या मैदानात, ते कधी जिंकले नाहीत. निघताना त्यांचा बॅक अरविंद सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमी थोडीच जिंकता बे, तुमचा खड्डा जिंकते!"
बसमध्ये मी नुसता धुमसत होतो. कप्तान आहे ना!

१३ जानेवारी
खड्डा आहे, मान्य. डाव्या कोपऱ्यात, बाजाराच्या बैलगाड्या उभ्या राहून पडलेला. चेंडू तिथे गेला की बसतो. पाहुणे पुढे धावत जातात, आम्ही मागेच थांबतो! यंदाचे माझे पाचही गोल तिथलेच.
पण पाय तर माझेच ना?

२४ जानेवारी
घात झाला! परवा इथेच पांढुर्ण्याशी फायनल, आणि केशवरावांनी—कप त्यांनीच ठेवलाय—खड्डा मुरूम टाकून बुजवला. वर पाणी मारून रोलर फिरवला. कुठे होता तेही आता दिसत नाही. मी हातापाया पडलो. "पाव्हण्याचा पाय मुरगळला तं गावाची इज्जत जाईन," म्हणे.
असला यजमान देव कुणाला देऊ नये.

२६ जानेवारी
जिंकलो!! १–०! गोल माझा!
शेवटची पाच मिनिटं. चेंडू त्याच कोपऱ्याकडे गेला. अरविंद माझ्या पुढे होता, पण थबकला—चेंडू आता बसणार म्हणून! चेंडू कसला बसतोय? सरळ घरंगळत पुढे, आणि मी त्याच्यावर! केशवरावांच्या घरच्या यमुनावहिनींनी अख्ख्या टीमला ओवाळलं.

२७ जानेवारी
काल जाताना अरविंद पुन्हा तेच—"खड्डाच जिंकला ना बे?" बुजवलाय हे मी सांगितलं नाही. सांगून काय? त्या खड्ड्याच्या धाकानेच तर गोल झाला. मग आम्ही जिंकलो का? सकाळपासून हेच डोक्यात.
शेवटी पोस्टकार्ड टाकलं. कप पणाला लावतो, तुमच्या मैदानात परत खेळू!
आमचा गोली श्रावण अंगावर धावून आला. "उत्तम्या, येडा झाला का बे? जिंकलेला कप कोणी वापस मांडते?"

४ फेब्रुवारी
उत्तर आलं. एकच शब्द—"या."

१२ फेब्रुवारी
बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय. त्यांचं मैदान, त्यांची माणसं. २–१, आणि दोन आमचे! कप मांडीवर आहे.
अरविंद बसपर्यंत आला. "आमच्या मैदानात तं खड्डा नाही बे!"
"म्हणूनच तं आलो," मी म्हणालो.