गुडघा दोन एमबीत

३ मार्च, सकाळ
आमची ही फिजिओथेरपिस्ट. पेशंटना घरी व्यायाम करता यावा म्हणून क्लिनिकच्या वेबसाइटसाठी हिने एक जिफ करून घेतली. खुर्चीत बसा, पाय सरळ करा, दहा सेकंद तसाच धरा, हळू खाली आणा. चौदा एमबी. वेबसाइट दोनच्या वर घेत नाही. काल जेवताना मी बोलून गेलो, आण इकडे, पाच मिनिटांचं काम आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरे आमच्याकडेच आहेत. ते म्हणाले, "जावईबापूंना येतं सगळं." आता करणं आलं.

४ मार्च
रंग कमी केले. दोनशे छप्पन्नचे सोळा. साइझ झकास उतरली. हिने विचारलं, "या बाईंच्या पायाला नायटा झालाय का?" मी म्हणालो, वेबसाइटवर तसं दिसत नाही. दिसतं. मला माहीत आहे.

५ मार्च
रंग परत आणले, चित्रच छोटं केलं. पोस्टाच्या तिकिटाएवढं. ही चष्मा लावून बघत राहिली, मग काढून. उद्यापासून घाई नाही. ट्यूटोरियल बघून शांतपणे करायचं.

७ मार्च
ट्यूटोरियल पाहिलं नाही. ती माझ्या लेव्हलची नसतात. स्वतःच डोकं चालवलं. जिफ म्हणजे एकामागून एक चित्रं. त्यातली मधली ढीगभर सारखीच. पाय वर, पाय वर, पाय वर. काही हलतच नाही. फुकटचं ओझं. सगळी उडवली. १.८ एमबी. रंग शाबूत, चित्र मोठं. क्लिनिकमध्ये गर्दी होती, हिने न बघताच वेबसाइटवर टाकली. विश्वास म्हणतात तो हा.

१० मार्च
सासरे मोबाइल समोर ठेवून व्यायाम करतात. पाय वर-खाली, वर-खाली, शिलाई मशीनसारखा. या वयात केवढा उत्साह. म्हणाले, "आधी धरून ठेवायला लावायची. आता सोपं केलंय वाटतं." मी म्हणालो, नवीन पद्धत असेल. मग विषय चहावर नेला.

११ मार्च
जिफ एकदा तपासायचं ठरवलं. ऑफिसात फार काम होतं. फार म्हणजे, होतं.

१३ मार्च
सासऱ्यांचा गुडघा सुजला. ही त्यांच्यावरच चिडली. "बाबा, दहा सेकंद धरायला सांगितलंय ना? एवढी घाई कशाला?" ते म्हणाले, "मोबाइलमधल्या बाई करतात तसंच करतोय." हिने मोबाइल घेतला. बघितलं. पुन्हा बघितलं. मी पाणी आणायला आत गेलो. बराच वेळ पाणी आणत होतो. बाहेर आलो तेव्हा सासरे हिला सांगत होते, "जावईबापूंना नको बोलूस. माझंच काहीतरी चुकलं असेल." त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१४ मार्च
ट्यूटोरियल पाहिलं. सहा मिनिटांचं. सारखी चित्रं काढायची, पण उरलेल्या एका चित्राला सांगायचं, दहा सेकंद थांब. त्याने साइझ वाढत नाही. एवढंच होतं.

हिने सगळ्या पेशंटना मेसेज पाठवलाय. तांत्रिक कारणामुळे वेबसाइटवरचा व्यायाम चुकीचा दिसत होता, कृपया थांबवा आणि क्लिनिकला फोन करा. माझं नाव कुठेही नाही. सकाळपासून फोन येतायत, ही एकेकाला सॉरी म्हणतेय. हे लिहिताना तांत्रिक कारणाच्या डाव्या हातात बर्फाची पिशवी आहे, सासऱ्यांच्या गुडघ्यावर धरलेली. ते म्हणतायत, हात दुखला असेल, ठेवा आता खाली.