ॲगीचा टेकू

शेफिल्ड,
रविवार, दुपारच्या चहानंतर

प्रिय मेहुणे क्लिफर्ड यांस,

इनॉकचा नमस्कार. समुद्राची हवा तुला मानवली असेल, छातीतली घरघर उतरली असेल आणि तुझा उजवा कान अजून डाव्याची उणीव भरून काढत असेल, अशी आशा करतो. (माझे दोन्ही जवळजवळ गेले. त्यामुळे तुझ्या बहिणीशी माझं आता फार छान जमतं.) विनी ठीक आहे. कप अजूनही आकड्यांनाच टांगते, फळीवर ठेवत नाही. कारखान्यातला घण बंद होऊन इतकी वर्षं झाली, आता कुणाच्या हादऱ्यानं पडणार आहेत, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या." असो. हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे, मला तुझ्याकडून काहीही नको आहे.

आपल्या कारखान्याच्या जागी काचेचा भलामोठा बाजार उभा राहिला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. जिथे भट्टी होती तिथे आता पायमोजे मिळतात. जिथे आपण जहाजांच्या पंख्यांचे दांडे घडवले, क्रेनला लटकलेला तो तापून नारिंगी झालेला पोलादी ओंडका ऐरणीवर वळत असायचा आणि आख्खी गल्ली त्या ठोक्यावर झोपायची नि उठायची, तिथे एक मुलगी लोकांच्या मनगटावर अत्तर फवारते. मला शाळेतल्या मिस ब्रॅमॉल आठवल्या. त्या आमच्याकडून कविता पाठ करून घ्यायच्या. सगळ्या कवितांत मेंढ्या होत्या, ओढे होते, आमच्या गल्लीत यातलं काहीच नव्हतं, तरी मी त्या डोळे मिटून म्हणायचो आणि मागून येणारा घणाचा आवाज मला त्याच कवितेचा ताल वाटायचा. अजून वाटतो. फक्त आता मागून काही येत नाही.

तर आपला घण, आपली ॲगी, त्यांनी भंगारात घातली नाही. मधल्या चौकात उभी केली आहे, काळा चकचकीत रंग फासून, पायाशी फुलांच्या कुंड्या मांडून. वाफेचा आख्खा घण, आणि दिसतोय एखाद्या श्रीमंत माणसाच्या थडग्यासारखा. बाजूला पाटी आहे, 'हात लावू नये'. उद्घाटनाला मला बोलावलं होतं, कारण तिच्यापुढे उभं राहून काम केलेल्यांपैकी गावात चालता-फिरता असा मीच उरलोय. तिथला मॅनेजर, ट्रेव्हर नावाचा एक टायवाला पोरगा, म्हणाला, "आजोबा, दोन शब्द बोला." मी कविता लिहिली. मिस ब्रॅमॉलना आवडली असती अशी, लांबलचक, आणि मेंढ्या नसलेली. विनीनं सूट इस्त्री केला.

आता कारखान्यातली ती सकाळ तुला सांगायला नको, पण मी म्हातारा आहे, सांगणारच. तू ऐरणीवरचे जळके पापुद्रे झाडायला आत वाकला होतास. वाफेची झडप गेली आणि ॲगीचं डोकं खाली बसलं. मध्ये ओकच्या लाकडाचा टेकू होता म्हणून वाचलास. तो असा किंचाळला की बहिऱ्यांनीही वळून पाहिलं, उभा अर्धा चिरला, पण उभा राहिला. तू रांगत बाहेर आलास, चहा मागितलास आणि सगळा पँटवर सांडलास. त्यानंतर टेकू लावल्याशिवाय त्या डोक्याखाली कुणी टोपीसुद्धा नेली नाही. कारखाना बंद झाला त्या दिवशी कुणी घड्याळ नेलं, कुणी भोंगा. तू तो टेकू नेलास. (विनी सांगते, तू त्यावर घेवडा चढवलायस.)

तर उद्घाटनाला महापौर आणि त्यांच्या बाई आल्या. फोटोवाला म्हणाला, बाईंनी ऐरणीवर बसावं. तिथे रेशमी उशी ठेवली होती. बाई बसल्या. मी वर पाहिलं. ॲगीचं डोकं थेट बाईंच्या टोपीवर, आणि खाली टेकू नाही. मी पंजा वर केला, थांब म्हणून. कारखान्याच्या गोंगाटात आपण कधी बोललो का? बोट दाखवलं की हलका ठोका, मूठ दाखवली की जोराचा, पंजा म्हणजे थांब, आणि तू घणाचा दांडा धरून फक्त माझ्या हाताकडे बघायचास. इथे महापौरांनी मलाही पंजा दाखवला आणि हसले.

मग मी बाईंना दंड धरून ओढलं. बाई उशीसकट आल्या. टोपी एकीकडे, एक बूट कुंडीत.

"आजोबा, अहो आजोबा, सोडा त्यांना," ट्रेव्हर.

"आधी टेकू लाव," मी म्हटलं, "मग बसव कुणाला बसवायचं ते."

"कसला टेकू? वर वेल्ड करून टाकलंय ते. भूकंप झाला तरी हलणार नाही आता."

हे त्यानं मला धीर द्यायला सांगितलं, क्लिफर्ड. वर ॲगीला दोन थापाही मारल्या, म्हाताऱ्या घोडीला मारतात तशा. बाई भल्या निघाल्या. म्हणाल्या, "राहू द्या, माझे आजोबाही शेवटी शेवटी असंच करायचे." कविता खिशातच राहिली. मला मागच्या खोलीत नेऊन चहा आणि सॉसेज रोल दिला, आणि पहारेकऱ्यानं माझा फोटो काढला. मला वाटलं वर्तमानपत्रासाठी. दाराशी लावायला होता, मला पुन्हा आत सोडू नये म्हणून. बरा आलाय.

प्रकृतीला जप. गार वाऱ्यात हिंडू नकोस.

तुझा मेहुणा आणि जुना साथीदार,
इनॉक

ता. क. घेवड्याला बांबूही पुरतो. तो टेकू घेऊन ये. बसवाल्यानं हटकलं तर म्हण, म्हातारपणाचा आधार आहे.

आणखी ता. क. मला आत सोडत नाहीत, तेव्हा तो तुलाच लावावा लागेल. तुला तिथे कुणी ओळखत नाही. रविवारी सकाळी दार उघडल्या उघडल्या जा, तेव्हा पहारेकरी चहा पीत असतो. मी काचेबाहेर उभा राहीन. कुणी काही म्हणालं तर डावा कान त्यांच्याकडे कर. माझ्या हाताकडे बघ.

शेवटचा ता. क. विनी आत्ता खांद्यावरून वाचून विचारते, वेल्ड केलेल्या घणाला टेकू कशाला. तिला म्हटलं, खबरदारी. तुला खरं सांगतो. टेकू नसला की ॲगी नुसता पुतळा वाटते. टेकू असला तर बघणाऱ्याला निदान एवढं कळेल, की ही खाली येऊ शकत होती.